नवीन सर्व्हायव्हल सर्व्हर: नियम आधी ठरवू, मग वर्ल्ड उघडू

डोंगरवाट, अ‍ॅडमिन

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की माइनक्राफ्टचं नवीन सर्व्हायव्हल वर्ल्ड चालू करतोय. जावावाले (पीसीवरचे) आणि मोबाइलवाले एकत्रच, मधे दोघांना जोडणारं गीझर हे प्लगिन लावलेलं असेल. आपल्यातले बरेच जण ज्या जुन्या सर्व्हरवर खेळायचे तो का बंद पडला ते सगळ्यांनाच माहितीये. चीट करणाऱ्यांमुळे नाही पडला. अ‍ॅडमिनच्या मित्राने बेस फोडला तर "मस्ती केली, सोड ना" आणि बाकी कोणी एक चेस्ट उघडली तरी कायमचा बॅन, या असल्या प्रकारामुळे लोक हळूहळू यायचेच बंद झाले. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे, जो नियम खेळाडूला तोच अ‍ॅडमिनला, आणि पुरावा नसेल तर शिक्षा नाही. बाकी सगळं त्यावरूनच ठरवलंय, वाचा आणि पटत नसेल तर इथेच बोला.

चोरी आणि तोडफोड. कोअरप्रोटेक्ट हे नोंदी ठेवणारं प्लगिन पहिल्या दिवसापासून चालू असणार, कोणी कुठला ब्लॉक कधी तोडला, कुठल्या चेस्टमधून काय काढलं, सगळं नोंदलं जातं. त्यामुळे चॅटमधे "तूच केलंस" "मी नाही केलं" करत बसायचं नाही, कोऑर्डिनेट्स द्या, साधारण वेळ द्या, आम्ही बघून सांगतो. तोडलेलं घर रोलबॅक होतं, म्हणजे पुन्हा होतं तसं करता येतं. चोरलेल्या सामानाचं मात्र इतकं सोपं नसतं, चेस्ट रोलबॅक केली की वस्तू परत येतात पण चोराकडच्याही तशाच राहतात, म्हणजे वर्ल्डमधे माल डबल. म्हणून आधी चोराकडून काढून घेणार, मग परत देणार, याला एखादा दिवस लागला तर कृपया समजून घ्या.

एक्स-रे, म्हणजे दगडाआडचं खनिज दाखवणारी चीट. सर्व्हर पेपर या सॉफ्टवेअरवर चालणार आहे आणि त्यातलं अँटी-एक्सरे चालू ठेवतोय. ते काय करतं तर दगडात चारी बाजूंनी गाडलेलं खनिज तुमच्या मशीनला साधा दगड म्हणूनच पाठवतं, जवळ खणलंत की मग खरं दिसतं. गुहेच्या भिंतीत उघडं पडलेलं खनिज त्यात लपत नाही, म्हणजे चीट करणाऱ्याला अजून वाव आहेच, त्यासाठी लॉग बघावे लागतील.

पैसे. काहीही विकत मिळणार नाही. मोजांगने २०१४ सालीच सर्व्हरवाल्यांना सांगितलंय की खेळात फायदा होईल असं काही विकू नका, पण ते म्हणाले म्हणून नाही, ज्याच्याकडे यूपीआय आहे त्याला नेदराइटची तलवार आणि बाकीच्यांनी खणत बसायचं हे मला मुळातच मान्य नाही. होस्टिंगचा खर्च आम्ही तिघं अ‍ॅडमिन वाटून घेतोय.

बोलणं. मित्रामित्रांत चिडवाचिडवी चालते, पुणे-मुंबई-नागपूर चालतं. आईबहिणीवरून शिव्या चालणार नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणाला आडनाव विचारायचं नाही. "पूर्ण नाव काय रे तुझं" हे चॅटमधे कशासाठी विचारलं जातं ते आपल्या सगळ्यांना कळतं. जातीवरून, धर्मावरून एक शब्द आला की पहिल्याच वेळी बाहेर, तिथे वॉर्निंग वगैरे नाही.

आता अ‍ॅडमिनसाठी. आम्ही तिघं खेळायला वेगळं अकाउंट वापरणार, त्याला ओपी (सर्व्हरचे पूर्ण अधिकार) नसणार. ओपीवालं अकाउंट फक्त कामासाठी. क्रिएटिव्ह मोड (सगळं सामान फुकट मिळतं तो) वापरला तर कशासाठी ते डिस्कॉर्डवर लिहायचं. आणि माझ्याविरुद्ध तक्रार असेल तर ती मी बघणार नाही, बाकीचे दोघं बघतील.

लालदगड

छान लिहिलंय दादा. डुपबद्दल, म्हणजे बग वापरून वस्तूंच्या नकला करण्याबद्दल, काहीच नाहीये पण. पेपरमधे टीएनटी, कार्पेट, रूळ यांचं पिस्टन डुप बाय डिफॉल्ट बंद असतं, वाळूचं एंड पोर्टलवालं पण बंद असतं. माझं म्हणणं आहे टीएनटी चालू करा. कारण हिरे किंवा शल्कर (सामानाच्या पेट्या) डुप करणं आणि टीएनटी डुप करणं यात फार फरक आहे, टीएनटी डुपर मशीनमधून निघतो तो पेटलेलाच निघतो, तो कोणाला विकता येत नाही चेस्टमधे साठवता येत नाही, फक्त मोठी जागा साफ करायला लागतो. ज्याला विदर स्केलेटन फार्मसाठी (ते मारून माल मिळवायची यंत्रणा) नेदर या दुसऱ्या जगातला मोठा एरिया मोकळा करायचाय त्याने टीएनटी बनवायला गनपावडर गोळा करत महिने घालवायचे का?

आणि फार्मबद्दल पण ठरवा. "एएफके फार्ममुळे (खेळाडू नुसता उभा ठेवून चालणाऱ्या) माझ्याकडे मॉब (प्राणी-राक्षस) येत नाहीत" असं लोक भांडतात, ते आता खरं नाहीये. माइनक्राफ्ट १.१८ पासून मॉबचा हिशेब प्रत्येक खेळाडूभोवती वेगळा होतो. खरा त्रास लॅगचा आहे. सर्व्हरला सेकंदाला २० टिक (खेळाचे ठोके) करायचे असतात म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद, त्याच्या वर गेलं की सगळ्यांचाच खेळ संथ होतो, ज्याने फार्म बांधलाच नाही त्याचाही. तर नियम "फार्म बंद" असा नको, "ज्याच्या फार्ममुळे टिक वाढतो त्याने तो सुधारायचा" असा पाहिजे. स्पार्क या तपासणीच्या प्लगिनचा रिपोर्ट काढला की कुठल्या गोष्टीला किती वेळ जातोय ते दिसतं. बहुतेक वेळा उघडे हॉपर (वस्तू ओढून घेणारे ब्लॉक) नाहीतर एका खोलीत कोंबलेले शंभर व्हिलेजर (गेममधले गावकरी) असतात. हॉपरच्या वर कंपोस्टर ठेवला तरी फरक पडतो, कारण मग तो वर पडलेल्या वस्तू शोधत बसत नाही.

कोकणकोळसा

एक्स-रेवर बोलायचंय. मला एका सर्व्हरवरून याच कारणाने बॅन केलं होतं, एका संध्याकाळी जास्त हिरे सापडले एवढंच कारण. मी उणे ५९ उंचीला ब्रँच माइनिंग (समांतर बोगदे खणणं) करत होतो फॉर्च्यून तीनचा (जास्त हिरे देणारा) पिकॅक्स घेऊन, सापडणारच ना हिरे. विचारलंसुद्धा नाही, सकाळी उठलो तर बॅन. अपीलला उत्तर नाही. चार जणांनी मिळून केवढं गाव उभं केलं होतं तिथे, ते शेवटचं बघायलाही नाही मिळालं. त्यामुळे "लॉग बघू" एवढ्यावर मी समाधानी नाही. लॉगमधे नक्की काय बघणार ते सांगा.

डोंगरवाट, अ‍ॅडमिन

रास्त प्रश्न आहे भावा, सविस्तर लिहितो.

किती हिरे मिळाले हे आम्ही बघणारच नाही. आकडा काहीच सांगत नाही, फॉर्च्यून असेल, नशीब असेल, दोन दिवस सलग खणलं असेल. बघायची असते ती खणण्याची वाट. ब्रँच माइनिंग करणाऱ्याचा बोगदा सरळ जातो, मधे दोन ब्लॉक सोडून दुसरा, मग तिसरा, यातले बहुतेक बोगदे रिकामेच जातात आणि ते रिकामे बोगदेच त्याच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा असतात. एक्स-रेवाल्याच्या लॉगमधे रिकामं काही नसतं. तो उणे ५८ ला सरळ चाललाय, मधेच काटकोनात वळतो, दहा-बारा ब्लॉक डीपस्लेट फोडतो, बरोब्बर हिऱ्यावर निघतो, तिथून तिरका वर जातो आणि पुढच्या हिऱ्यावर. समोर रेडस्टोन आलं तर त्याला हातही लावत नाही. १.१८ पासून हवेला लागलेले हिरे मुद्दाम कमी केलेत, जास्त करून ते दगडात पूर्ण गाडलेले असतात, म्हणजे गुहेतून दिसला म्हणून वळलो असं एकदा म्हणता येईल, प्रत्येक वेळी नाही.

गुहेत फिरणाऱ्याचं वेगळं, त्याची वाट वेडीवाकडीच असते. म्हणून एका बोगद्यावरून निर्णय नाही. असं करू: दोन मॉडनी (मॉडरेटरनी) एकमेकांशी न बोलता लॉग बघायचा, दोघांचं मत एक झालं तरच पुढे जायचं. मग त्या खेळाडूला डिस्कॉर्डवर बोलवायचं, बोगद्याचे स्क्रीनशॉट दाखवायचे आणि त्याचं ऐकायचं. बॅन त्यानंतर. आणि ते स्क्रीनशॉट त्याला मागितले तर मिळणार.

लालदगड, टीएनटी चालू ठेवतो, तुझं पटलं. बाकी कुठलंही डुप सापडलं तर वापरू नका, आम्हाला सांगा, सांगणाऱ्यावर कसलीच कारवाई नाही. फार्मचा नियम तू लिहिलास तसाच घेतो.

बारावीसायन्स

माझा मुद्दा बेस "सोडलेला" कधी मानायचा याबद्दल. मी दहावीला असताना जानेवारी ते मार्च आलोच नाही सर्व्हरवर, घरी लॅपटॉप काढून घेतला होता. परत आलो तर बीकन नाही, मेंडिंगवाला (सामान दुरुस्त होत राहतं ते पुस्तक विकणारा) व्हिलेजर बोटीत घालून कोणीतरी नेलेला, चेस्टमधे फक्त माती. तिथला नियम होता की महिनाभर दिसला नाही की बेस सगळ्यांचा. नियमाप्रमाणे कोणी चूक केली नाही, पण वर्षभराचं काम गेलं. यंदा बारावी आहे, परत तेच होणार असेल तर मी येतच नाही.

आणि व्हिलेजरचा पण नियम करा प्लीज. लोकांना वाटतं चेस्टला हात नाही लावला म्हणजे चोरी नाही. हवं ते पुस्तक विकणारा लायब्ररियन व्हिलेजर मिळवायला लेक्टर्न ठेव-तोड करत केवढा वेळ जातो ते ज्याने केलंय त्यालाच माहिती.

एडिसनकर

याच्याशी पूर्ण सहमत. मी न्यू जर्सीतून खेळतो, नोकरी आहे, दोन लहान मुलं आहेत, आठवड्याला जेमतेम दोन-तीन तास मिळतात. माझ्यासारख्याचा बेस कायमच "सोडलेला" वाटेल.

इथूनचे दोन मुद्दे. सर्व्हर रोज पहाटे चारला रीस्टार्ट होणार असं डिस्कॉर्डवर वाचलं. भारतात तेव्हा सगळे झोपलेले, पण आमच्याकडे हिवाळ्यात ते संध्याकाळचे साडेपाच असतात, ऑफिस सुटून बसलो की सर्व्हर खाली. तो सकाळी नऊला केला तर तिकडे लोक शाळा-ऑफिसला गेलेले आणि आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, कोणालाच त्रास नाही.

दुसरं म्हणजे पीव्हीपी, खेळाडूंची आपसातली मारामारी. सर्व्हर मुंबईत आहे ते बरोबरच आहे, बहुतेक जण तिकडचेच, पण माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या वर असतो. मी ढाल वर करेपर्यंत समोरच्याने तीनदा मारलेलं असतं. मला जिंकायचं नाहीये, पण ज्याला लढायचं नाही त्याला वाटेत अडवून मारू नये एवढंच मागतोय.

संत्राबाग

पीव्हीपीचं निघालंच आहे तर आमच्याकडची अडचण सांगतो. कॉम्बॅट टॅग लावणार म्हणे, मारामारी चालू असताना जो बाहेर पडंल तो मेला. नियम बरोबर आहे, नाहीतर पोट्टे हरायले लागले का वायर काढतात. पण आमच्या गावात लाइटीचा काही भरवसा नाही भाऊ. मोबाइलवर खेळावं तर रेंज जाते. माया भावाचा पूर्ण नेदराइटचा सेट असाच गेला होता, लाइट गेली अन् सर्व्हर म्हणे पळून गेला. पडलेलं सामान पाच मिनिटात गायब होते, लाइट यायले लागला अर्धा तास. आता त्याले कोणापाशी पुरावा मागायचा?

मेणबत्ती

मी तर म्हणते पीव्हीपी संमतीनेच ठेवा. दोघांनी चॅटमधे हो म्हटलं तरच. ज्यांना रोज मारामारी हवी त्यांच्यासाठी स्पॉनजवळ (सगळे पहिल्यांदा जिथे उतरतात तिथे) एक रिंगण बांधू, तिथे जो उतरेल त्याला सगळं माफ. बाहेर कोणीही कोणाला मारायचं नाही. मी सगळा वेळ बांधकामात घालवते, मला क्रिस्टल पीव्हीपी (स्फोटक क्रिस्टलने लढणं) शिकायचं नाहीये आणि ते शिकले नाही म्हणून माझं सामान जाऊ नये.

आणि व्हॉइस चॅटबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. जवळ आलं की आवाज ऐकू येतो ती सोय मस्त आहे, पण मुलीचा आवाज ऐकला की काही जण मागे मागे फिरायला लागतात, बेसच्या बाहेर येऊन उभे राहतात, "इन्स्टा दे ना" सुरू होतं. शिवी एकही नसते त्यात, त्यामुळे तक्रार केली तर मॉड म्हणतात "काय वाईट बोलला तो?" मी आधीच्या सर्व्हरवर सहा महिने माइक बंद ठेवून खेळले याच कारणाने. नको म्हटल्यावर पाठलाग करणं हाच गुन्हा धरा, शब्द कुठले होते ते बघू नका.

डोंगरवाट, अ‍ॅडमिन

मेणबत्ती ताई, तुमचे दोन्ही मुद्दे जसेच्या तसे घेतोय. एकदा नको म्हटलं की गेममधे, डिस्कॉर्डवर, कुठेच मागे लागायचं नाही. अशा तक्रारीत स्क्रीन रेकॉर्डिंग असलं तर उत्तम, नसलं तरी कोअरप्रोटेक्टमधे सेशनची आणि चॅटची नोंद असते, आणि व्हॉइसवरचं असेल तर आजूबाजूला कोण होतं त्यांना विचारू.

संत्राबाग भाऊ, पीव्हीपी संमतीनेच झाला तर तुमचा प्रश्न बराचसा सुटतो. रिंगणातल्या लढतीत कीप इन्व्हेंटरी चालू ठेवू, लाइट गेली तर हार धरली जाईल पण सामान जाणार नाही. रिंगणाबाहेर कॉम्बॅट टॅग नको.

रीस्टार्ट सकाळी नऊ. पक्कं.

बेससाठी: स्पॉनवर एक भिंत बांधतो, ज्याला मोठी सुट्टी घ्यायची आहे त्याने तिथे पाटी लावायची, "परीक्षा, एप्रिलमधे येतो" एवढं पुरे. पाटी असेपर्यंत हात लावायचा नाही. पाटी नसली तरी सीझन संपेपर्यंत कोणाचाच बेस "सगळ्यांचा" होणार नाही. जागेची टंचाई नाहीये, वर्ल्ड बॉर्डर दहा हजार ब्लॉकची ठेवतोय, दुसऱ्याच्याच अंगणात घर बांधायची काही गरज नाही. व्हिलेजर नेणं ही चोरी, नामकरण केलेले प्राणी मारणं ही पण तोडफोडच.

आर्याची_आई

नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे, टॅबवर खेळते, तिच्या मैत्रिणी तुमच्या सर्व्हरवर येणार आहेत म्हणून तिलाही यायचंय. वरचं सगळं वाचलं, बरंचसं कळलं नाही पण आडनावाचं आणि पाठलागाचं वाचून बरं वाटलं. दोन गोष्टी विचारायच्यात. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की फुकटचं अकाउंट चालेल, ते खरं का? आणि आमच्या सोसायटीतली चार-पाच मुलं एकाच वायफायवर खेळतात, त्यातल्या एकाने काही केलं तर बाकीची पण बॅन होतात असं ऐकलं.

डोंगरवाट, अ‍ॅडमिन

नमस्कार ताई. फुकटचं म्हणजे क्रॅक्ड अकाउंट चालणार नाही, आणि त्याचं कारण पैसे नाहीयेत. क्रॅक्डला परवानगी द्यायची तर सर्व्हरचं ऑनलाइन मोड बंद करावं लागतं, मग कोण खरा कोण खोटा हे मोजांगकडून तपासलंच जात नाही, नुसतं नाव टाकून कोणीही तुमच्या मुलीच्या नावाने आत येऊ शकतं, तिच्या चेस्ट उघडू शकतं, तिच्या नावाने शिव्या देऊ शकतं. पासवर्डचं प्लगिन लावतात लोक, पण मुलं एकमेकांना पासवर्ड सांगतात. आणि आपला सगळा डोलारा लॉगवर आहे, लॉगमधलं नाव खरं नसेल तर पुराव्याला काय अर्थ? टॅबवर विकत घेतलेला गेम असेल तर तेच खातं चालेल, जावा वेगळं घ्यायची गरज नाही, फ्लडगेट या गीझरच्या जोडीच्या प्लगिनने ती तिच्या एक्सबॉक्स खात्यानेच आत येईल, नावाच्या आधी फक्त एक टिंब दिसेल. चाइल्ड अकाउंट असेल तर मल्टिप्लेअरची परवानगी तुम्हाला तुमच्या खात्यातून द्यावी लागेल.

आयपी बॅन आम्ही करणारच नाही. आपल्याकडे मोबाइल नेटवर एकच आयपी एका वेळी कितीतरी लोकांना वाटलेला असतो, हॉस्टेलचं वायफाय, सोसायटीचं वायफाय, सगळीकडे तेच. बॅन फक्त त्या खात्यावर.

काळी_लोकर

मला हे सगळं जरा जास्त होतंय असं वाटतं. टूबीटूटी हा सर्व्हर २०१० पासून चालू आहे, एक नियम नाही तिथे, तरी लोक रांगेत तासन्‌तास थांबून खेळतात. सर्व्हायव्हल म्हणजे धोका पाहिजे ना. बेस कधीच लुटला जाणार नाही, कोणी कधी मारणार नाही, मग बेस लपवायचा कशाला, भिंत बांधायची कशाला? मी चीट करत नाही, शिव्या देत नाही, पण मला थरार पाहिजे.

मेणबत्ती

तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला आत शिरायच्या आधी माहिती असतं की तिथे नियम नाहीत, चीट क्लायंट असणाराच टिकतो. आर्याला ते माहिती नसणार. फरक तिथे आहे. थरार हवाच असेल तर तुम्ही सात-आठ जण मिळून एक टोळी करा, आपापसात बेस लुटायची संमती द्या, कोणी अडवणार नाही.

लालदगड

काळी_लोकरचा मुद्दा अगदीच टाकू नका. मी म्हणतो नकाशाचा एक कोपरा द्या त्यांना, दोन हजार ब्लॉकचा, सीमेवर पाट्या लावा, आत गेलं की लूटमार चालते. आत न्यायचं ते आपल्या जबाबदारीवर. चीट तिथेही बंद. मी स्वतः जाईन तिकडे ट्रॅप बांधायला.

काळी_लोकर

हे चालेल. बॉर्डरवरची भिंत आम्ही बांधतो, आणि रोलबॅक मागायला येणार नाही.

कोकणकोळसा

मिनीमॅपचं राहिलं. मी झेरोचा वापरतो, त्यात गुहांचा नकाशा आणि बाकीचे खेळाडू कुठे आहेत तेही दिसतं. मोबाइलवाल्यांकडे यातलं काहीच नसतं.

डोंगरवाट, अ‍ॅडमिन

झेरोची फेअर-प्ले आवृत्ती वेगळी मिळते, गुहा आणि रडार काढलेली, तीच चालेल. सर्व्हरकडूनही ते बंद करता येतं, तसं करून ठेवतो. ऑप्टिफाइन, सोडियम (खेळ वेगवान करणारे), लिटेमॅटिकाने नकाशा डोळ्यासमोर ठेवून बांधणं चालेल. फ्रीकॅम (भिंतीपलीकडे नेता येणारा कॅमेरा), ऑटोक्लिकर, लिटेमॅटिकाचं प्रिंटर (आपोआप ब्लॉक लावणारं) नाही चालणार.

कोपरा मंजूर, नैर्ऋत्येला देतो.

एडिसनकर

एलिट्राचं (उडायच्या पंखांचं) काय? एंड म्हणजे ड्रॅगनच्या जगातल्या एका शिपमधे एकच असतो आणि जे पहिल्या रात्री ड्रॅगन मारतात ते पहाटेपर्यंत जवळची सगळी शहरं साफ करून येतात, मग आमच्यासारख्यांना हजारो ब्लॉक लांब चालत जावं लागतं.

डोंगरवाट, अ‍ॅडमिन

एंड पहिले दोन आठवडे बंदच ठेवतो. उघडायचा तो शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे न्यू जर्सीत सकाळ असेल आणि सगळ्यांना येता येईल, ड्रॅगन एकत्र मारू. पहिल्या महिन्यात माणशी एकच एलिट्रा, जास्तीचा सापडला तर तो आयटम फ्रेममधेच राहू द्यायचा. हे अ‍ॅडमिनना पण लागू आहे, आणि शिपमधून कोणी काढला ते लॉगमधे दिसतंच. ड्रॅगनचं अंडं स्पॉनच्या भिंतीवर ठेवू, ते कोणा एकाचं नाही.

रविवारपर्यंत अजून काही असेल तर लिहा, सोमवारी व्हाइटलिस्टसाठी (प्रवेशाच्या यादीसाठी) नावं घ्यायला सुरुवात करतो.